बेळगावच्या उद्यमबागेत १.८ टर्बोचा ब्लॉक: बोअरिंग-होनिंगच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

इंजिन काल गाडीतून बाहेर आलं. गाडी ऑक्टाव्हिया आरएस, १.८ लिटर, वीस व्हॉल्व्हचं टर्बो पेट्रोल, १५० पीएस. मूळची निपाणीच्या मामांची. त्यांनी ती कोल्हापूर-हुबळी हायवेवर भरपूर पळवली आणि शेवटची काही वर्षं तंबाखूच्या वखारीत झाकून ठेवली. आता माझ्याकडे आहे.

उतरवण्याआधी इंजिन गरम करून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजून घेतलं होतं. पहिला सिलिंडर ११ बार, दुसरा १०.५, तिसरा ६.५, चौथा १०.५. या इंजिनाला किमान ७ बार लागतं, आणि सिलिंडरांमधला फरक ३ बारच्या वर नको. तिसरा दोन्हीकडे नापास. तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घेतलं तर ९ वर चढलं, म्हणजे गळती व्हॉल्व्हमधून नसून पिस्टनची रिंग आणि बोअर (सिलिंडरचं भोक) यांच्यामधून आहे.

या वहीत फक्त ब्लॉकचं, म्हणजे चारही सिलिंडर ज्यात आहेत त्या बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) भागाचं काम लिहिणार आहे. बोअरिंग म्हणजे हत्यारानं बोअर कापून मोठा करणं, होनिंग म्हणजे घासायच्या दगडांनी (स्टोननी) तो नेमक्या मापाला आणणं. हेड आणि टर्बो यांचं वेगळं बघू.

४ जून

हेड काढलं, पिस्टन काढले. तिसऱ्या बोअरला थ्रस्टच्या बाजूला (जिकडे पिस्टन भिंतीवर रेटला जातो) उभे ओरखडे आहेत, नख फिरवलं की अडकतं. पिस्टनच्या स्कर्टवरचं (खालच्या भागावरचं) काळं ग्राफाइट त्याच जागी साफ गेलंय आणि अ‍ॅल्युमिनियमचे पापुद्रे बोअरला चिकटलेत.

कारण खाली सापडलं. या ब्लॉकमध्ये प्रत्येक बोअरच्या तळाशी एक ऑइल जेट बसवलेला असतो. तो पिस्टनच्या पोटावर ऑइलची धार मारतो. टर्बो इंजिनात पिस्टनच्या डोक्यावर जी उष्णता पडते, तिचा मोठा वाटा ही धारच वाहून नेते. तिसऱ्याचा जेट घट्ट झालेल्या गाळानं बंद होता, बाकी तीन मोकळे. संपमधल्या (तळाच्या ऑइलच्या टाकीतल्या) पिकअपच्या, म्हणजे ऑइल ओढणाऱ्या नळीच्या, जाळीवरही तोच काळा गाळ. पिस्टन तापला, फुगला, बोअरला घासला. उभ्या गाडीत जुनं ऑइल तसंच राहिलं की हे होतं.

जेट चारही नवे मागवले. धुऊन वापरता येतील असं दोघांनी सांगितलं, पण ज्या भागानं इंजिन घालवलं तोच परत आत बसवायची माझी तयारी नाही.

८ जून, रविवार

मोजमाप. ब्लॉक स्टँडवरून उतरवून बाकावर सपाट ठेवला. हे मुद्दाम लिहितोय. या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच स्पष्ट सूचना आहे की ब्लॉक असेंब्ली स्टँडला बोल्ट केलेला असताना बोअर मोजू नये, माप खोटं येतं. बीडाचा एवढा जड ब्लॉक, चार बोल्टांवर एका बाजूनं टांगला तर वाकतो. डोळ्याला दिसत नाही, डायलला दिसतं.

बोअर डायल (बोअरचा व्यास मोजायचं साधन) मायक्रोमीटरवर शून्य करून घेतला. प्रत्येक बोअरमध्ये वर, मधे, खाली, आणि प्रत्येक उंचीवर क्रँकच्या दिशेनं आणि तिला आडवं अशी दोन मापं. नवा बोअर ८१.०१ मिलिमीटरचा असतो, ०.०८ च्या वर फरक गेला की रिबोअर. माझे पहिला, दुसरा आणि चौथा ८१.०४ ते ८१.०५ च्या आत आहेत. तिसरा वरच्या भागात आडवा ८१.१३, क्रँकच्या दिशेनं ८१.०६. ओरखड्यांची खोली वेगळीच.

पिस्टन मोजायची जागाही ठरलेली आहे. खालच्या कडेपासून साधारण १० मिलिमीटर वर, पिनला काटकोनात. पिस्टन गोल नसतो आणि सरळही नसतो, तेव्हा दुसरीकडे कुठेही मोजलं तर आकडा निरर्थक.

१४ जून, शनिवार

उद्यमबागेत अण्णांकडे गेलो. त्यांचं वर्कशॉप ट्रॅक्टर आणि जीपच्या इंजिनांचं, शिवाय आसपासच्या हायड्रॉलिक कारखान्यांचे सिलिंडर बॅरल होनिंगला त्यांच्याकडे येतात. मी स्वतः एका हायड्रॉलिक कंपनीत क्वालिटीला आहे, त्यामुळे अण्णांच्या हातचे बॅरल रोज माझ्या टेबलावर येतात आणि मापात असतात. ब्लॉक पुण्याला का पाठवत नाहीस असं बऱ्याच जणांनी विचारलं. हे त्याचं उत्तर.

दोन रस्ते होते. एक म्हणजे तिसऱ्या बोअरला एकट्याला स्लीव्ह (आतून नवी नळी) मारायची आणि बाकी तीन नुसते होन करून जुन्या पिस्टनवर चालवायचे. ट्रॅक्टरला हे सर्रास करतात आणि चालतं. या ब्लॉकमध्ये मात्र दोन बोअरच्या मध्यांमधलं अंतर ८८ मिलिमीटर आहे. बोअर ८१ चा, म्हणजे दोन बोअरच्या मधे जेमतेम ७ मिलिमीटर बीड. त्यातून स्लीव्हची जाडी कापायची, मग ती प्रेसनं ठोकून बसवायची, की शेजारचे दुसरा आणि चौथा दोन्ही हलणार. दुसरा रस्ता म्हणजे चारही बोअर कारखान्यानं दिलेल्या ओव्हरसाइजला न्यायचे, ८१.५१. तिसऱ्याच्या सगळ्यात रुंद जागीही एका बाजूला ०.१९ मिलिमीटर धातू शिल्लक राहतो, त्यात ओरखडे निघून जातील. चारही पिस्टन एका मापाचे, एका वजनाचे. हेच ठरलं.

मग मी प्लेटचा विषय काढला. होनिंगच्या वेळी हेडच्या जागी जाड लोखंडी प्लेट, खाली हेड गॅस्केट, आणि हेडला देतो तोच टॉर्क, म्हणजे हेड आवळल्यावर बोअर जसा वाकतो तसाच वाकवून होन करायचं. अण्णा म्हणाले, “एवढी वर्षं बिनप्लेटचंच करालोय. एकबी इंजिन परत आलं न्हाई.” मी म्हटलं, अण्णा, तुमच्या हाताबद्दल शंका नाही. ट्रॅक्टरच्या पिस्टनला जेवढी मोकळीक असते तेवढी इथे नाही. इथे ०.०४५ आहे.

“मग दाखीव की मोजून,” ते म्हणाले. ठीक. मोजूनच दाखवायचं.

१९ जून

पिस्टन आले. ८१.४६५ चे, रिंग आणि पिनसकट. मी मापले तर सगळे ८१.४८ च्या वर निघाले. मॅन्युअलमध्ये लिहिलंय की पिस्टनचं माप स्कर्टवरचा ग्राफाइटचा थर सोडून दिलंय, थर ०.०२ चा, आणि तो चालताना झिजतो. हे माहीत नसलेला माणूस ८१.४८५ धरून त्यावर ०.०४५ मोकळीक देईल आणि बोअर ८१.५३ करून ठेवेल. थर गेल्यावर पिस्टन खडखडणार. चारही पिस्टनवर नंबर टाकले. वजनात सगळ्यात हलक्या आणि सगळ्यात जड पिस्टनमध्ये नगण्य फरक आहे.

पिस्टन हातात आल्याशिवाय बोअरला हत्यार लावायचं नाही, यावर अण्णांचं आणि माझं पहिल्या दिवसापासून एकमत.

२६ जून

पाऊस लागलाय, उघडीप नाही. ब्लॉक टेम्पोतून ताडपत्रीखाली नेला.

कॉस्टिकच्या गरम टाकीत रात्रभर. त्याआधी पाण्याचे प्लग, ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे) प्लग, जेट, सगळं काढलेलं. गॅलरीचे प्लग काढायला बरेच जण कंटाळतात. पण गाळ तिथेच टोकाला साठतो, आणि होनिंगची ग्रिटही (स्टोनचे सुटलेले कण) तिथेच जाऊन बसते. लांब ब्रश घालून आरपार काढला, पलीकडून उजेड दिसेपर्यंत.

चुंबक आणि पावडर लावून क्रॅक बघितल्या. बोल्टच्या भोकांभोवती, दोन बोअरच्या मधल्या पट्टीवर, मेन बेअरिंगच्या भिंतींवर. काही नाही. पाण्याच्या जॅकेटमध्ये हवा भरून पाण्यात बुडवला, बुडबुडे नाहीत.

३० जून

मेन कॅप जुन्या बोल्टांवर बसवून मेन बोअर, म्हणजे क्रँक ज्यांत फिरतो ती भोकं, मोजले. गोल आहेत, एका ओळीत आहेत. लाइन बोअरिंगची गरज नाही. बरं झालं, कारण ते निघालं असतं तर सगळं बजेट बदललं असतं.

कॅप आता काढायच्या नाहीत. बोअरिंग आणि होनिंग होईपर्यंत टॉर्क देऊनच राहतील, कारण त्यांचा ताणही बोअरच्या तळापर्यंत जातो.

डेकवर (ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग, ज्यावर हेड बसतं) स्ट्रेट एज ठेवून फिलर सरकवला. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे ०.०६ ची खोली. मर्यादा ०.१ ची आहे, म्हणजे सोडून देता आलं असतं. पण गॅस्केट पत्र्याच्या थरांचं आहे. ते जुन्या मऊ गॅस्केटसारखं खड्डे भरत नाही, त्याला सपाट आणि गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. सरफेस ग्राइंडरवर ०.०८ काढले. संदर्भ क्रँकच्या मेन बोअरचा घेतला, संपच्या कडेचा नाही.

हिशोब करून ठेवला. ८१.५१ बोअर आणि ८६.४ स्ट्रोक, एका सिलिंडरचे ४५०.८ सीसी, चारांचे १८०३. मूळचे १७८१. कॉम्प्रेशन रेशो ९.५ होता तो बोअर वाढल्यामुळे आणि डेक उतरल्यामुळे साधारण ९.७ होईल. बूस्ट मूळचाच ठेवणार आहे, आणि पेट्रोल ९५ ऑक्टेनच्या खाली घालायचं नाही.

५ जुलै, शनिवार

प्लेट तयार झाली. ५० मिलिमीटर जाड माइल्ड स्टील, एका हायड्रॉलिक मॅनिफोल्डवाल्याकडून. तुकडा गॅसनं कापलेला होता म्हणून आधी भट्टीत घालून ताण काढला, मग दोन्ही बाजू ग्राइंड. चार भोकं ८३ मिलिमीटरची, म्हणजे होनिंगचा स्टोन बोअरच्या वर मोकळा बाहेर येतो. बोल्टांची दहा भोकं हेड गॅस्केटवरून नाही, ब्लॉकवरून सीएमएमवर (अचूक जागा मोजायच्या यंत्रावर) मोजून मारली.

एक बारकावा. प्लेट हेडपेक्षा पातळ आहे, मग हेडचे बोल्ट तसेच लावले तर ते ब्लॉकमध्ये जास्त खोल जातील किंवा तळाला टेकतील. बोअर वाकतो तो बोल्टची आटी ज्या खोलीवर बीडाला वर खेचते, तिथे. म्हणून बोल्टच्या डोक्याखाली लेथवर काढलेल्या जाड नळ्या दिल्या. आटी हेड असताना जेवढी आत असतात तेवढीच आत. हे केलं नाही तर प्लेट लावूनही बोअर वेगळ्याच जागी वाकेल, आणि मग प्लेट लावण्यात अर्थ नाही.

बेळगावात हे सगळं तीन-चार गल्ल्यांच्या आत होतं. भट्टी, ग्राइंडर, बोअरिंग, मोजायचं यंत्र. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलच्या दुकानापासून याच गावात सुरुवात केली आणि १९१० मध्ये कुंडलला जाईपर्यंत कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर इथेच काढले. ते गेले, पण हातातलं काम गावात राहिलं. आज इथल्या फौंड्र्यांत मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांची बीडं ओतली जातात. आपल्याच गाडीचा ब्लॉक मात्र आपण दुसऱ्या शहरात पाठवतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

६ जुलै, रविवार

अण्णांसमोर चाचणी. बोअरिंगच्या आधी, मुद्दाम. दुसरा बोअर घेतला कारण तो बरा होता. डेकपासून १५ मिलिमीटर खाली, उघडा ब्लॉक: दोन्ही दिशांना ८१.०४.

मग गॅस्केट, प्लेट, जुने बोल्ट. ४० न्यूटन मीटर, मग पाव फेरा, मग आणखी पाव फेरा, मधून बाहेर या क्रमानं. तीच जागा पुन्हा: क्रँकच्या दिशेनं ८१.०४५, आडवं ८१.०२५. म्हणजे गोल भोक ०.०२ नं लंबगोल झालं. ६० मिलिमीटर खाली गेल्यावर फरक जवळजवळ संपतो.

प्लेट सोडली, परत ८१.०४. पुन्हा आवळली, पुन्हा तेच.

पिस्टनची सगळी मोकळीक ०.०४५. आडव्या दिशेनं त्यातले ०.०१५ नुसत्या बोल्ट आवळण्यानं गेले, आणि तेही बोअरच्या वरच्या भागात, जिथे वरची रिंग सगळ्यात जास्त दाबाला काम करते. उघड्या ब्लॉकला कितीही सुरेख गोल होन करा, हेड बसलं की तो गोल राहत नाही. रिंगला मग आकार धरावा लागतो, तेवढ्यात एका बाजूनं गॅस खाली आणि ऑइल वर.

अण्णांनी डायल स्वतः हातात घेऊन परत मोजलं. काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “प्लेट हितंच ठेव. सोमवारी बोअरिंगची सेटिंग बघूया.”

१२ जुलै, शनिवार

बोअरिंग झालं. जुन्या पोर्टेबल बोअरिंग बारची पद्धत अशी की बार त्याच झिजलेल्या बोअरमध्ये मध्य धरतो, म्हणजे झीज एका बाजूला असेल तर नवा बोअरही तिकडेच सरकतो. अण्णांनी ब्लॉक मेन बोअरच्या मापावर लावला आणि चारही मध्य ८८ च्या अंतरानं नव्यानं पकडले. तिसऱ्यात एका बाजूला जास्त कट गेला, ते बरोबर आहे.

८१.४४ ला थांबलो. होनिंगला ०.०७ ठेवले. बोअरिंगचं हत्यार बीडाचा वरचा थर ओरबाडतं, दाबतं, त्याखाली फाटलेला पापुद्रा राहतो. तो पूर्ण काढण्याइतकं होनिंगला मिळालं पाहिजे. कमी ठेवलं तर आकडा बरोबर येतो पण फाटलेला थर आतच राहतो आणि पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये रिंग खातो.

तिसऱ्यातले ओरखडे पूर्ण गेले. चारही बोअरना वरच्या कडेला बारीक चॅम्फर (तिरकी कड), रिंग आत घालताना अडकू नये म्हणून.

१९ जुलै, शनिवार

होनिंग. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथेच होतो.

प्लेट, गॅस्केट, टॉर्क, खाली मेन कॅप आवळलेल्या. पहिला भरड स्टोन ८१.४९ पर्यंत, मग मध्यम, मग शेवटचे ०.००५ बारीक. अण्णांना सवय बॅरलची. हायड्रॉलिक बॅरलला आरशासारखी चकाकी हवी, सीलला तीच मानवते. इंजिनच्या बोअरला चकाकी घातक. त्याला एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघा हव्यात, त्या रेघांत ऑइल राहतं आणि त्यावर रिंग तरंगते. रेघांचा कोन स्पिंडलचे फेरे आणि स्टोनची वर-खाली गती यांच्या प्रमाणातून येतो. फार आडव्या झाल्या तर रिंग त्यांवरून उड्या मारते, फार उभ्या झाल्या तर ऑइल ओघळून जातं. आम्ही ४५ अंशांच्या आसपास धरलं. अण्णांनी फेरे कमी केले, स्ट्रोक वाढवला, पहिल्या बोअरमध्ये कागद चिकटवून छाप घेतला, कोनमापकानं मोजला, मग पुढे.

तळाशी अडचण. खाली क्रँककेसच्या भिंतींमुळे स्टोनला पुरेसा बाहेर जायला जागा नाही, त्यामुळे तळ अरुंद राहतो. अण्णा प्रत्येक काही स्ट्रोकनंतर तळाशी क्षणभर आखूड स्ट्रोक मारायचे. हे यंत्रावर लिहिलेलं नसतं, कानानं कळतं. स्टोन घट्ट जागेतून जाताना मोटरचा आवाज बदलतो. ते डोळे मिटून ऐकत होते.

दुपारी पहिला बोअर ८१.५१ दाखवायला लागला तेव्हा मी डायल काढायला गेलो. अण्णांनी हात धरला. “आत्ता माप घिऊ नको. गरम हाय त्ये. गार हू दे.” खरं आहे. बीड दर अंशाला मिलिमीटरमागे साधारण ११ दशलक्षांश फुगतं. ८१.५ चा बोअर दहा अंश तापला की ०.००९ नं मोठा दिसतो. गरम असताना ८१.५१ वर थांबलो असतो तर गार झाल्यावर ८१.५० मिळाला असता, आणि मोकळीकीतला पाचवा हिस्सा गेला असता. म्हणून एक बोअर थोडा घ्यायचा, मग दुसऱ्यावर जायचं, पहिला तोवर गार. मायक्रोमीटर आणि ब्लॉक एकाच टेबलावर, एकाच तापमानाला.

शेवटी प्लॅटो. नायलॉनच्या अपघर्षक ब्रशनं काही स्ट्रोक, म्हणजे रेघांची टोकं उडतात आणि खोल भाग ऑइलसाठी तसाच राहतो. कंपनीतून रफनेस टेस्टर आणला होता. आरए (सरासरी खडबडीतपणा) ०.४५ मायक्रॉन, वरच्या टोकांचा आकडा खोल दऱ्यांच्या आकड्यापेक्षा बराच कमी. हवं ते.

शेवटची मापं, प्लेट आवळलेली: चारही बोअर ८१.५१, वर-खाली आणि आडवं-उभं मिळून ०.००६ च्या आत. प्लेट काढल्यावर वरच्या भागात लंबगोल दिसतो, तोच ०.०२, उलट दिशेनं. बाहेरच्या कुणी उघडा ब्लॉक मोजला तर हे काम बिघडलंय असं म्हणेल.

२० जुलै, रविवार

धुणं. या कामाला कुणी किंमत देत नाही आणि त्यानंच नवी इंजिनं जातात. होनिंगची ग्रिट रेघांत रुतून बसते. पेट्रोल किंवा डिझेलनं धुतलं तर ऑइल निघतं, ग्रिट राहते. गरम पाणी, साबणाची पावडर आणि ताठ ब्रश. बोअर, गॅलरी, बोल्टची भोकं. मग कॉम्प्रेसरची हवा.

बाहेर पाऊस धो धो. हवेत इतका ओलावा की धुतलेल्या बीडावर काही मिनिटांत तांबूस झाक चढते. त्यामुळे दोघांनी मिळून केलं, एकानं हवा मारायची आणि दुसऱ्यानं लगेच ऑइलचा पांढरा कपडा फिरवायचा. कपडा करडा आला की परत ब्रश, परत पाणी. शेवटी कपडा जसा गेला तसा पांढरा आला. तिसऱ्याला सगळ्यात वेळ लागला. मग जाड ऑइल, प्लास्टिकची पिशवी, तोंड बांधून.

२८ जुलै

उद्या नागपंचमी. वर्कशॉप बंद राहील म्हणून रिंगचं काम आज घरी.

वरच्या रिंगचं गॅप (तिच्या दोन टोकांमधली फट) मॅन्युअलप्रमाणे ०.२० ते ०.४०. टर्बोसाठी वरच्या टोकाला, ०.३८ ठेवलं. दुसरी ०.४०. कारण सरळ आहे. रिंगचा परीघ २५६ मिलिमीटर, ती बोअरपेक्षा शंभर अंश जास्त तापली तर गॅप पाव मिलिमीटरहून थोडा जास्त मिटतो. बूस्टवर ती त्याहून जास्त तापू शकते. टोकाला टोक भिडलं की रिंगला जायला जागा उरत नाही, आणि पिस्टनची रिंगखालची कड तुटते. गॅप थोडा मोठा राहिला तर किंचित गळती, छोटा राहिला तर इंजिन परत खोला.

कानस बाहेरच्या बाजूनं आत, एकाच दिशेनं, एका टोकाला. बर काढला. प्रत्येक रिंग पिस्टननं सरळ ढकलून मधल्या भागात मोजली.

अजून एक तपासणी, ज्यांच्याकडे बोअर डायल नाही त्यांना उपयोगी. तीच रिंग वर आणि खाली मोजायची. गॅपमधला फरक भागिले ३.१४ म्हणजे बोअरमधला फरक. माझ्याकडे पहिल्यात मधे ०.३८, तळाशी ०.३६. ०.०२ भागिले ३.१४, सहा मायक्रॉन. डायल जे म्हणत होता तेच.

३ ऑगस्ट, रविवार

शॉर्ट ब्लॉक (हेडशिवायचं खालचं इंजिन) जोडला. क्रँकचे मेन जर्नल ५३.९७, रॉडचे ४७.७७, गोल, ओरखडा नाही. फक्त पॉलिश, ग्राइंडिंग नाही. प्लास्टिगेजनं (चेपून फट दाखवणाऱ्या प्लास्टिकच्या धाग्यानं) मेनमध्ये मोकळीक ०.०३. मेन कॅप नव्या बोल्टांवर ६५ न्यूटन मीटर आणि पाव फेरा, रॉड ३० आणि पाव फेरा. नवे जेट बसवून प्रत्येकाच्या भोकातून हवा मारून बघितली, धार पिस्टनच्या पोटावर जाईल अशी वळवली. पिकअप नवा. टर्बोला ऑइल नेणारी बारीक पाइपही नवी, कारण जुन्या पाइपच्या आत कोळसा धरलेला असतो आणि तो सुटला की थेट टर्बोच्या बेअरिंगमध्ये जातो.

क्रँक हातानं सलग फिरतो, कुठेही जड जागा नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

इंजिन गाडीत बसून आठवडा झाला. पहिल्यांदा फ्युएल पंपाचा फ्यूज काढून, प्लग काढून, प्रेशर गेज हलेपर्यंत नुसतं फिरवलं. मग सुरू केलं.

नव्या बोअरवर रिंग बसवायला दाब लागतो. आयडलवर तासभर ठेवून काही होत नाही, उलट रेघा गुळगुळीत होतात. काकतीच्या पुढे वंटमुरीचा घाट त्यासाठी बरा आहे. चौथ्या गिअरमध्ये मध्यम लोड देऊन चढायचं, मग पाय काढून इंजिन ब्रेकवर उतरायचं, पुन्हा चढायचं. बूस्ट अर्ध्यावर. परत येऊन ऑइल आणि फिल्टर बदलला, जुना फिल्टर कापून उघडला. घड्यांमध्ये थोडी करडी बारीक पूड, चकचकीत कण नाहीत.

आज कॉम्प्रेशन: १२, १२, ११.५, १२. तिसरा सिलिंडर कुठला ते आता आकड्यावरून ओळखता येत नाही.

प्लेट अण्णांकडेच ठेवली आहे. ती करायला होनिंगच्या मजुरीपेक्षा जास्त खर्च आला, पण एकदाच. या इंजिनाचा आडवा बसणारा ब्लॉक कुणाचा बोअरिंगला येणार असेल तर त्यांनी गॅस्केट आणि हेडचे जुने बोल्ट सोबत आणावेत. नळ्या प्लेटबरोबर एका डब्यात आहेत, डब्यावर बोल्टांचा क्रम लिहिलाय. अण्णा आता ट्रॅक्टरच्या तीन सिलिंडरच्या ब्लॉकसाठी दुसरी प्लेट काढतायत, तिचं ड्रॉइंग मी या आठवड्यात पूर्ण करून द्यायचंय.